एक्स-रेवरचा डाग मशीनने शोधला, पुढे माणसाला कोण शोधणार?

मांडव्याच्या जेट्टीवर सकाळच्या बोटीला उभं राहिलं की दोन तऱ्हेची माणसं दिसतात. मुंबईहून उतरणारी, सायकली आणि कुत्री गाडीत घालून बंगल्यांकडे निघालेली. आणि मुंबईकडे चढणारी, ज्यांच्यातल्या कुणा ना कुणाच्या हातात हॉस्पिटलचं ते मोठं पाकीट असतं. एक्स-रे, सीटी स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट, कडा फाटलेले जुने केसपेपर. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली आणि पाकीटवाल्यांची सोय झाली. तासाभरात माझगाव, तिथून जे.जे., शिवडीचं टीबी हॉस्पिटल, परळचं टाटा. सिनेमावाल्यांना मांडवा ‘अग्निपथ’मुळे ठाऊक असेल. अलिबाग, रेवस, चौल, रेवदंड्याच्या माणसाला तो मोठ्या दवाखान्याला जायचा रस्ता म्हणून ठाऊक आहे.

त्या पाकिटातला छातीचा फोटो आता बऱ्याच ठिकाणी डॉक्टरच्या आधी कॉम्प्युटर वाचतो. या कामात जगात जी थोडी नावं घेतली जातात त्यातलं एक मुंबईचं आहे. क्यूअर डॉट एआय ही कंपनी २०१६ साली सुरू झाली. तिचं ‘क्यूएक्सआर’ नावाचं सॉफ्टवेअर छातीचा डिजिटल एक्स-रे पाहून मिनिटभरात सांगतं की इथे क्षयासारखं काही आहे, इथे पाणी आहे, इथे गाठ वाटते. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, फुफ्फुसातली गाठ शोधण्यासाठी या सॉफ्टवेअरच्या एका आवृत्तीला मंजुरी दिली. पुण्याची डीपटेक ही कंपनीही याच धंद्यात आहे. गंमत अशी की कोविडच्या वेळी इंग्लंडमधल्या बोल्टनच्या सरकारी हॉस्पिटलने हे मुंबईचं सॉफ्टवेअर वापरायला घेतलं. बोल्टनमध्ये भरूच-सुरतकडच्या मुसलमानांची मोठी वस्ती आहे. म्हणजे त्या मंडळींचे एक्स-रे मुंबईच्या मशीनने वाचले, तेव्हा आपल्या तालुक्यात रिपोर्टसाठी आठवडा-आठवडा थांबणं चालूच होतं.

हे मशीन शिकतं कसं, तेही थोडक्यात पाहू. लाखो एक्स-रे आणि त्यांच्यावर डॉक्टरांनी लिहिलेले रिपोर्ट त्याला दाखवतात. कोणत्या सावलीला डॉक्टर काय म्हणाले, याची सांगड ते घालत जातं. मग नवा फोटो आला की ते आकडा देतं, समजा शून्य ते शंभरमध्ये सत्तर, आणि संशयाच्या जागेभोवती रेघ ओढतं. कितीच्या वर आकडा गेला तर संशयित म्हणायचं, हे माणसं ठरवतात. जाळ्याची भोकं लहान ठेवली तर मासळीबरोबर कचराही येतो, मोठी ठेवली तर चांगला मासा निसटतो. कोळीवाड्याला लागून राहणाऱ्यांना याहून जास्त समजावायची गरज नाही. तो आकडा कुठे ठेवलाय, हे मात्र रुग्णाला कुणी सांगत नाही.

मशीनची गरज आहे का? आहे, यात वाद नाही. छातीचे फोटो वाचणारे रेडिओलॉजिस्ट आपल्या देशात लोकसंख्येच्या मानाने फार थोडे, आणि आहेत ते शहरात. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं की १५ वर्षांवरच्या माणसांमध्ये क्षयाची चाळणी करताना डिजिटल एक्स-रे वाचायला माणसाच्या ऐवजी असं सॉफ्टवेअर वापरलं तरी चालेल. त्याच वर्षी ढाक्यातला एक मोठा अभ्यास ‘लॅन्सेट’च्या डिजिटल आरोग्याच्या नियतकालिकात छापून आला. २३,९५४ लोकांचे एक्स-रे, पाच कंपन्यांची सॉफ्टवेअर, त्यात क्यूएक्सआरही होतं. क्षय ओळखण्यात पाचही सॉफ्टवेअर तिथल्या रेडिओलॉजिस्टांपेक्षा सरस ठरली. बातम्या इथपर्यंतच आल्या.

त्याच अभ्यासात पुढे लिहिलंय की वयस्कर लोकांमध्ये आणि ज्यांना आधी क्षय होऊन गेलाय त्यांच्यामध्ये ही सॉफ्टवेअर तितकी नीट चालत नाहीत. आता आपल्या घरांकडे पाहा. साठीच्या पुढचे अब्बा, तरुणपणी केव्हातरी सहा-नऊ महिने टीबीच्या गोळ्या खाल्लेल्या, पुढे तीस वर्षं विडी. फुफ्फुसाचा कॅन्सर गाठायचा तर तो याच माणसात गाठायचा, आणि मशीन अडखळतं ते याच माणसापाशी. जुन्या क्षयाचा डाग फुफ्फुसात आयुष्यभर राहतो. कधी रेघेसारखा, कधी वाटाण्याएवढा गोल. फोटोत तो आणि कॅन्सरची सुरुवात दिसायला भावंडांसारखी. अमेरिका-युरोपात फोटोत गोल सावली दिसली की डॉक्टर आधी कॅन्सरचा विचार करतात. इथे आधी टीबीचा विचार होतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. बाकीच्या वेळी मात्र माणूस महिनोन् महिने टीबीची औषधं खातो, खोकला तसाच राहतो, वजन उतरत जातं, आणि टाटामध्ये पोचेपर्यंत ऑपरेशनची वेळ गेलेली असते. भारतातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांची ही जुनी तक्रार आहे. ग्लोबोकॅनच्या अंदाजाप्रमाणे २०२० मध्ये देशात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे सुमारे ७२,५०० नवे रुग्ण आणि ६६,००० मृत्यू झाले. दोन आकडे इतके जवळजवळ का, याचं मोठं कारण उशीर.

इथे आपल्या समाजातली एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. कोकणी मुसलमानांच्या घरात छातीचा एक्स-रे हा आजाराच्या आधी रोजगाराचा कागद असतो. आखाताच्या व्हिसासाठी मेडिकल, पूर्वी ज्याला गामका म्हणायचे आणि आता वाफिद म्हणतात, त्यात छातीचा फोटो आलाच. बोटीवर जाणाऱ्यांच्या मेडिकलमध्येही तो असतो. आखातासाठी फुफ्फुसावर जुन्या क्षयाचा डाग दिसला, आज आजार नसला तरी, ‘अनफिट’चा शिक्का बसू शकतो. एजंटला दिलेले पैसे, बहिणीचं ठरलेलं लग्न, घराचा अर्धवट स्लॅब, सगळं त्या एका शब्दावर अडतं. म्हणून काय होतं? टीबी झाला होता हे लपवलं जातं. जुने फोटो माळ्यावर कुजतात, नाहीतर जाणूनबुजून फाडून टाकतात. डॉक्टरने विचारलं, आधी कधी टीबी? तर उत्तर ठरलेलं, नाही.

आणि नेमका तोच जुना फोटो वीस वर्षांनी जीव वाचवू शकतो. फुफ्फुसातल्या गाठीबाबत डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो की ही नवी आहे की जुनी. भरीव गाठ दोन वर्षं तसूभरही बदलली नसेल तर ती बहुधा निरुपद्रवी, असं धरण्याची पद्धत आहे. दहा वर्षांपूर्वीच्या फोटोत तीच सावली, तेवढीच दिसली, तर सीटी, सुई, धावपळ यातलं पुष्कळसं टळतं. जुना फोटो नसेल तर सगळं शून्यापासून सुरू करावं लागतं. मशीन कितीही हुशार असलं तरी फाडलेला फोटो ते वाचू शकत नाही.

गाठ या शब्दाने घाबरून जायचं कारण नाही, हेही तितकंच खरं. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गोल सावलीला डॉक्टर नोड्यूल म्हणतात आणि बहुतेक नोड्यूल कॅन्सरचे नसतात. अमेरिकेत ५३,४५४ जणांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०११ मध्ये आला. सगळे ५५ ते ७४ वयाचे, वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढलेले. निम्म्यांचा कमी किरणांचा सीटी केला, निम्म्यांचा एक्स-रे. सीटीच्या गटात फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे वेळेत शोधल्याने जीव वाचतात, हे ठरलं. पण त्याच गटात दर चार तपासण्यांमागे जवळजवळ एकीत काहीतरी सापडलं, आणि सापडलेल्यांपैकी ९६ टक्के वेळा तो कॅन्सर नव्हता. आणि हे सगळं क्षय फारसा नसलेल्या देशात. आपल्याकडे जुन्या डागांची भर घाला.

साध्या एक्स-रेचं बळ आणखी कमी. बरगडीच्या, गळपट्टीच्या हाडामागे, हृदयाच्या आड लहान गाठ सहज लपते. निरोगी लोकांचे दरवर्षी एक्स-रे काढून मृत्यू कमी होतात का, हे अमेरिकेत दीड लाखांवर लोकांत तपासलं गेलं आणि २०११ मध्ये उत्तर आलं, नाही. तेव्हा उठून सगळ्या घराचे एक्स-रे काढत सुटायला या सॉफ्टवेअरची बातमी हे निमित्त नव्हे. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. कुणी खोकल्यासाठी, कुणी पडल्यावर बरगडीसाठी, कुणी मेडिकलसाठी फोटो काढतोच. डॉक्टर घाईत जे शोधायचं तेवढं पाहतो आणि बाकीचं राहून जातं. तिथे मशीन न थकता कोपरेही पाहतं. आयत्या निघालेल्या फोटोत चुकून दिसलेली गाठ हाती लागणं, हा फायदा मोठा आहे. तरी ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२३ मध्ये कंपन्यांची ही सॉफ्टवेअर तपासून सांगितलं की फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या संशयासाठी एक्स-रे वाचायला ती सरसकट वापरण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही, आधी आणखी संशोधन करा. श्रीमंत देश इतक्या सावधपणे चालतो, हे लक्षात घ्यावं.

आता मुख्य मुद्दा. समजा अलिबाग तालुक्यातल्या एका बाईचा एक्स-रे मशीनने वाचला आणि क्षयाचा संशय दाखवला. पुढे काय होतं? थुंकीची तपासणी फुकट. निदान झालं तर नाव निक्षय पोर्टलवर चढतं, कारण २०१२ पासून क्षयाचा रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक आहे. औषधं फुकट. पोषणासाठी महिन्याला खात्यात पैसे, पूर्वी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. ती औषध घ्यायला आली नाही तर आशाताई किंवा टीबीचा कर्मचारी घरी येऊन विचारतो. तक्रारी आहेत, औषधांचा तुटवडाही पडतो, पण रस्ता आखलेला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची क्षयमोहीम निघाली, हातात उचलून नेता येतील अशी एक्स-रे यंत्रं आणि एआय घेऊन, ती याच रस्त्यावरून.

त्याच बाईच्या त्याच फोटोत त्याच मशीनने क्षयाऐवजी गाठ दाखवली तर? काही नाही. कुठल्या रजिस्टरात नाव नाही, कुणाचा फोन नाही. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशा तीन कॅन्सरची तपासणी आहे, फुफ्फुसाची नाही. तिला एक चिठ्ठी मिळेल, ‘सीटी करून घ्या’. सीटी कुठे, कितीला, त्यानंतर कोणाला दाखवायचं, हे तिनं आणि तिच्या मुलानं शोधायचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, पण ते निदान झाल्यावर. निदानापर्यंतच्या फेऱ्या, बोटीचं तिकीट, बुडालेली मजुरी हा खर्च घरचाच. पेट स्कॅन, गाठीची बायोप्सी, छातीचा सर्जन यासाठी मुंबई, नाहीतर पेण-पनवेलमार्गे खारघरचं टाटाचं केंद्र. अलिबागला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय ही चांगली गोष्ट. या गाठीचा पाठपुरावा करणारी एक खिडकी तिथे उघडली, तर तिचा उपयोग दहा नव्या सॉफ्टवेअरांपेक्षा जास्त होईल, असं माझं मत आहे. त्यासाठी काय लागतं? एक वही, एक नर्स, एक फोन, आणि आठवड्यातून एकदा बसणारा छातीचा डॉक्टर.

पाठपुरावा म्हणजे काय, तेही अगदी गूढ नाही. डॉक्टरांचे आंतरराष्ट्रीय नियम ढोबळमानाने असे आहेत: सीटीत सहा मिलिमीटरहून लहान गाठ आणि धोका कमी असेल तर बहुधा काही करायचं नाही. सहा ते आठ असेल तर सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा सीटी. आठच्या वर असेल तर तीन महिन्यांत सीटी, किंवा पेट, किंवा बायोप्सी. धूम्रपान, घरात कॅन्सर, पूर्वीचं काम यानुसार डॉक्टर हे बदलतात. बोटीच्या इंजिनरूममध्ये जुन्या काळी पाइपांना ॲस्बेस्टॉस गुंडाळलेलं असायचं, त्यात काम केलेल्यांनी डॉक्टरला ते आवर्जून सांगावं. विडी कधी न ओढलेल्या बायकांनाही हा कॅन्सर होतो, म्हणून ‘आमच्या घरात कुणी ओढत नाही’ म्हणून कागद बाजूला ठेवू नये.

आणि याच टप्प्यावर सॉफ्टवेअर खरं कामाला येतं, सीटीच्या सॉफ्टवेअरबद्दल बोलतोय मी. पाच मिलिमीटरची गाठ सहा पूर्णांक तीन मिलिमीटर झाली तर डोळ्याला फरक जेमतेम कळतो, पण गाठीचं आकारमान दुप्पट झालेलं असतं. जुना आणि नवा सीटी शेजारी ठेवून हे मोजण्यात कॉम्प्युटर माणसापेक्षा चोख. मांडव्याजवळच्या किहीममध्ये सलीम अलींनी १९३० च्या सुमारास सुगरण पक्ष्याची घरटी अशीच पाहिली होती, शिडीवर आडोसा करून, तीच घरटी पुन्हा पुन्हा, दिवसचे दिवस. जे कुणाला दिसलं नव्हतं ते त्यांना त्या पुन्हा पाहण्यातून दिसलं. पण त्यासाठी घरटं जागेवर राहावं लागतं. आपला रुग्ण दुसऱ्या सीटीला परत येतच नाही.

पैशाची बाजू. शेजारच्या गोव्यात सरकारने २०२५ मध्ये एक्स-रेवर एआय वापरून फुफ्फुसाच्या कॅन्सरचा संशय शोधायचा कार्यक्रम हाती घेतला, क्यूअर डॉट एआय आणि ॲस्ट्राझेनेका यांच्यासोबत. ॲस्ट्राझेनेका ही फुफ्फुसाच्या कॅन्सरवरची महागडी गोळी विकणारी कंपनी आहे. गोळी चांगली आहे, ज्यांच्या कॅन्सरमध्ये ठराविक बदल असतो त्यांना ती आयुष्य देते. पण औषध विकणाराच रुग्ण शोधायला मदत करतो तेव्हा सरकारने दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. संशयित म्हणून निघालेल्यांपैकी किती जणांचं निदान पूर्ण झालं? आणि ज्यांना गोळी परवडत नाही त्यांचं काय? महाराष्ट्रात असा कार्यक्रम येईल तेव्हा ‘इतके लाख एक्स-रे वाचले’ हा आकडा जाहिरातीत येईल. आपण दुसरा आकडा मागायचा. आणि त्या लाखो फोटोंचं पुढे काय झालं, मशीनला शिकवायला ते वापरले का, रुग्णाला विचारलं का, हेही. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, पण सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभ्या माणसाला तो वाचून कुणी दाखवत नाही.

जमातींच्या आणि तरुण मंडळांच्या आरोग्य शिबिरांबद्दलही बोलतो, राग मानू नये. मस्जिदीच्या पटांगणात शिबिर होतं, एक्स-रेची गाडी येते, आता एआयवालीही येईल. फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात, आमदारसाहेब येऊन जातात. पंधरा दिवसांनी कुणाला आठवत नाही की संशयित नऊ जण कोण होते. अशा शिबिराने भीती वाटली जाते, इलाज होत नाही. शिबिर घेण्याआधी दोन गोष्टी ठरवा. संशयित निघालेल्याचा सीटी कुठे होणार, त्या हॉस्पिटलशी आधी बोलून ठेवा. आणि जमातीतला एक जबाबदार माणूस नेमा, जो यादी स्वतःजवळ ठेवेल, सहा महिने प्रत्येकाला फोन करेल आणि कुणाला काय निघालं हे चहाच्या टपरीवर बोलणार नाही. गरजूंच्या बोटभाड्याला आणि तपासणीला जकात-सदक्यातून मदत करता येते, त्यासाठी मौलानांना विचारून घ्या. हे जमत नसेल तर शुगर-बीपी तपासा, तेही पुण्याचंच काम आहे.

खबर आणणाऱ्याची खबर आधी तपासून घ्या, ही शिकवण आपल्याला नवी नाही. मशीनने लाल रेघ ओढली म्हणजे कॅन्सर झाला नाही आणि मशीन गप्प राहिलं म्हणजे छाती साफ झाली असंही नाही. तीन आठवड्यांवर खोकला, थुंकीत रक्त, विनाकारण उतरणारं वजन, यातलं काही असेल तर मशीनचा आकडा काहीही येवो, डॉक्टरकडे जायचं. थुंकीत जंतू न सापडता फक्त फोटोवरून टीबीचं औषध सुरू झालं असेल आणि दोन महिन्यांत फरक नसेल, तर औषध मनाने बंद करू नका, पण सीटीबद्दल आणि दुसऱ्या मताबद्दल डॉक्टरला जरूर विचारा. रिपोर्टवर ‘नोड्यूल’ किंवा ‘ओपॅसिटी’ असा शब्द दिसला तर पुढची तारीख लिहून मागा. फोटोची फिल्म मिळाली नाही तर सीडी मागा, सीडी नाही तर मोबाइलवर घ्या, आणि घरातल्या दोन जणांच्या मोबाइलमध्ये ठेवा. माळ्यावरचे अब्बांचे जुने एक्स-रे या जुम्याला खाली काढा.

आणि तारीख घेताना कॅलेंडर पाहा. मे महिन्यात सीटी झाला आणि डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांनी या, तर तो ऑगस्ट येतो. गेटवेच्या लाँचा तेव्हा बंद असतात, रो-रो समुद्र खवळला की रद्द होते आणि वडखळचा रस्ता गणपतीच्या आधी कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. ‘पाऊस उघडल्यावर जाऊ’ असं घरात ठरतं आणि बघता बघता दिवाळी उलटते. तारीख घेतानाच डॉक्टरला सांगा की आम्ही मांडव्याहून येतो.